म्हातारीचे सात दिवस

बत्रूनच्या किनाऱ्यावर सुखाने नांदणारे माझे मेहुणे फारेस यांस, डोंगरावरून मुनीरचा गारठलेला सलाम. गुडघा कसा आहे? (देव त्याला दीर्घायुष्य देवो, गच्चीवरची लिंबं त्याच्याच भरवशावर उतरतात.) फोनवर सांगवेना, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरबरोबर धाडतो आहे.

प्रथम एक गंभीर तक्रार. आमची शेजारीण उम्म नसीफ हिने काल मसूर-भात पाठवला आणि त्यावर तळलेला कांदा जेमतेम चिमूटभर. असं बोडकं अन्न सुतकाच्या घरी धाडतात! अर्थात सुतक आहेच. वदादच्या हायड्रेंजियाची तिन्ही झुडपं परवा पहाटे हिमाने करपली. तुमची ही बहीण येत्या रविवारी इस्पितळातून घरी येते आहे. जाताना तिने घर, मांजर, नवरा यांपैकी काहीच माझ्यावर सोपवलं नाही. सोपवली ती ही कोवळी पालवी. महिनाभर फोनवर तिचा एकच प्रश्न असतो, "पानं किती आली?" लेकीचीसुद्धा चौकशी नाही.

"म्हातारीचे दिवस सरेपर्यंत झुडपांवरचं गोणपाट काढू नका हं," एवढंच ती बजावून गेली होती. आता आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की चिडवणाऱ्या म्हातारीला गारठवून मारण्यासाठी फेब्रुवारीने आपले तीन दिवस काढले आणि मार्चकडून चार उसने घेतले. म्हणून मी चार मार्च उलटू दिला आणि पाच तारखेला गोणपाट यथाविधी सोडलं. (तीस वर्षं व्याकरण शिकवलेला माणूस मी, नियम म्हणजे नियम.) तोच कुंपणापलीकडून उम्म नसीफ ओरडली, "अहो मास्तर, झाका ते! म्हातारी अजून मेली कुठं?"

"काकू, ती काल वारली. कॅलेंडर बघा."

"ते तुमचं शाळेतलं! आमची म्हातारी जुन्या, पूर्वेकडच्या गणनेनं मरते, तेरा दिवस उशिरा. पटत नसेल तर माझ्या शेळ्यांना विचारा."

यावर मी तिला कालगणनेच्या सुधारणेचा साद्यंत इतिहास ऐकवला. ती वाटाणे सोलत ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "छान बोलता हो. आता झाका." मी झाकलं नाही. दहा तारखेच्या पहाटे दव गोठलं; ऊन पडेतो पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबली आणि दुपारी काळी पडली. बोट लावलं की चुरा. विद्वत्तेचं इतकं शीघ्र फळ मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आपला,
मुनीर

ता. क. तुमच्याकडे हिम पडत नाही. तिथल्या रोपवाटिकेतून तीन हिरवीगार झुडपं शनिवारी गाडीत घालून आणावीत. वदादला अक्षरही कळता कामा नये.

दुसरा ता. क. नका आणू. तिला फांदी न् फांदी पाठ आहे. नुसते तुम्ही या, दोन दिवस राहा.

तिसरा ता. क. ती रागावली, तर मी मान खाली घालून ऐकेन, वर आनंदाने मिठाई वाटेन. भीती निराळी आहे, फारेस. ती त्या काळ्या फांद्यांकडे बघेल, काहीच बोलणार नाही, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजेल. तेव्हा काय करायचं, ते मला माहीत नाही.