स्टँडवर राहिलेली स्कूटर

लुधियाना
ता. ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रिय आक्का,

तुझ्या आणि दाजींच्या पाया पडतो. आरोहीला मामाची एक टपली. इकडं थंडी लई. होजिअरीचं काम बरं आहे. जेवायला रोज चपात्याच, भात दिसला की आपलं वडगाव आठवतं. इथली मशीनं गुपचूप चालतात. आपल्या घरच्या मागाच्या खडखडाटाबगर मला अजून नीट झोप लागत न्हाय. लहानपणी त्या आवाजातच झोपायचो की आपण.

भाऊबीजेला माहेरी आल्यावर तू फोन केलास. "आप्पांच्या नावानं पार्किंगच्या वसुलीची नोटीस कशी रं? चोर काय चोरलेली स्कूटर स्टँडवर लावतोय व्हय?" मी रेंज न्हाय म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

ती स्कूटर आठवती? पुढं मी उभा, मागं तू साड्यांचा गठ्ठा कवटाळून, आणि आप्पा खासबागेतल्या शेटजीकडं निघालेले. नव्या साडीच्या खळीचा वास नाकात बसायचा. खंडेनवमीला आधी मागाची पूजा, मग स्कूटरची. हँडलला झेंडूची माळ तूच बांधायचीस. यंदाबी आप्पांनी तिच्या मोकळ्या जागेवर नारळ फोडला म्हणालीस.

स्कूटर चोरीला गेलीच न्हाय, आक्का. दोन वर्षांखाली मीच ती स्टेशनजवळच्या खासगी स्टँडवर लावलती. आप्पा नको म्हणालते, तरी त्यांना न सांगता नेली. गोव्यात काम बघून चार दिवसांत गुपचूप आणून ठेवणार होतो. तिसऱ्याच दिवशी आप्पांचा फोन, "स्कूटर कुठाय?" शिव्या बसतील म्हणून तोंडातनं निघालं, "घरीच लावून आलोय."

दुसरी चावी ओमकारकडं असायची, म्हणून सगळ्यांनी त्याला धरलं. आपल्याच मागावर सात वर्षं विणलं त्यानं. आप्पा त्याला सगळ्या गल्लीसमोर म्हणाले, "चोरा, ऊठ मागावरनं." हे तूच मला सांगितलंस. मी फक्त "व्हय का" म्हणालो. मग गोवा सोडलं, तिरुपूर सोडलं. लोक म्हणतात पोरगं एका जागी टिकत न्हाय.

सोबत स्टँडची चिठ्ठी आणि चावी पाठवतोय. पैसे दाजींच्या खात्यावर टाकलेत. वसुलीवाला दारात येऊन ओरडला तरी त्याच्या हातात काय देऊ नको. स्टँडवरच हिशेब माग, दंड कमी करा म्हण, शिक्क्याची पावती घे. न्हाय ऐकलं आणि लिलावात काढली, तर जाऊ दे.

पण स्टँडवर नंतर जा. आधी ओमकारला बोलावून घे, असं लिहिणार होतो. नको. त्यानं का यायचं? आप्पांना घेऊन तू त्याच्या दारात जा. आप्पा येत न्हाय म्हणाले तर एकटी जा. आणि हे पत्र गल्लीला ऐकू जाईल असं वाच.

मी गावाकडं यायचं का न्हाय, ते ओमकारनं सांगायचं. तो बोलेपर्यंत मी इथंच आहे.

तुझा धाकटा, आणि आपल्या घरातला खरा चोर,
महादेव