सहावी सुई

परंडा, ९ जानेवारी १९६१

कुर्डुवाडीहून एस.टी.नं दुपारी पोचलो. हवा झकास, खोली मोठी, खिडकीतून किल्ल्याचा बुरूज दिसतो. डॉक्टर राघवेंद्र स्वतः स्टँडवर आले, माझी ट्रंकसुद्धा त्यांनीच उचलली. रात्री गरम शेंगापोळी आणि तूप. वीस खाटांचा धर्मादाय दवाखाना आहे, पण क्ष-किरण यंत्र आसपास एवढं एकच. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तीन वर्षं काढलेला माणूस इथं आला याचा सगळ्यांना आनंद आहे. साहजिकच आहे. किरणांचा धोका कमी करण्यासाठी मला बोलावलंय. महिनाभरात करून दाखवीन.

११ जानेवारी

यंत्र पाहिलं. हसावं की रडावं! शिशाचा एप्रन उंदरांनी कुरतडलेला. तो खुंटीला लोंबतो आणि डॉक्टर यंत्राच्या चमकत्या पडद्यापुढं उघड्या हातांनी रोग्यांची पोटं दाबतात. बाजारच्या दिवशी बड्या असामींना बोलावून त्यांच्या बोटांची हाडं दाखवतात, लोक टाळ्या पिटतात. डॉक्टरांची नखं काळी पडून चिरली आहेत, त्याचाही त्यांना अभिमान. भिंत एका विटेची आणि पलीकडं बाळंतिणींच्या खाटा! मी तोंडावर सांगितलं, हा दवाखाना नव्हे, जत्रेतला तंबू आहे. ते नुसते हसले. अडाणी माणसापेक्षा शिकलेला अडाणी वाईट.

नागम्मा नावाची म्हातारी आया आहे. अंगाला कुजका वास येतो. कमरेवर जखम आहे म्हणे, वर्ष झालं तरी भरत नाही. तिला लांब उभं राहायला सांगितलंय.

१४ जानेवारी

भिंतीला शिशाचा पत्रा ठोकून घेतला. दातांच्या फोटोंच्या छोट्या फिल्मा काळ्या कागदात बंद करून प्रत्येकीवर एकेक किल्ली चिकटवली आणि सात ठिकाणी टांगल्या. किरण पोचले तर फिल्म काळी पडते आणि किल्लीची पांढरी सावली उरते. आयांना वाटलं मी करणी उतरवतोय. या लोकांना समजावण्यात अर्थ नाही.

आज संक्रांत. नागम्मानं तिळगूळ पुढं केला. मी घेतला नाही.

१७ जानेवारी

वीज देणारं डिझेल इंजिन फिल्मा टांगल्या त्याच संध्याकाळी, यंत्र लावायच्या आधीच बिघडलं. तीन दिवस यंत्र बंद आहे. फिल्मा धुवायला काढल्या, कोऱ्या निघणार याची खात्री होती.

सातही फिल्मांवर किल्ल्या उमटल्या आहेत.

फिल्मा जुन्या असतील म्हणून त्याच डब्यातली न टांगलेली एक धुतली. ती स्वच्छ निघाली.

१८ जानेवारी

डॉक्टरांना फिल्मा दाखवल्या, तर त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग कळलं. दोन वर्षांपूर्वी बायकांच्या गाठींवर उपचार म्हणून त्यांनी रेडियमच्या सहा सुया आणल्या होत्या. शिशाच्या डबीत पाच आहेत. सहावी कुणा रोग्याच्या पट्टीबरोबर कुठंतरी गेली. मोरीत वाहून गेली असेल म्हणाले. संस्थेच्या कागदावर सहाच्या सहा आहेत, आणि मीही तसंच म्हणावं अशी त्यांची इच्छा.

बोटभर लांबीची पोकळ सुई, आत रेडियमची भुकटी. यंत्र बंद करता येतं, ती बंद होत नाही. या माणसाला मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही.

१९ जानेवारी

नव्या फिल्मा टांगल्या. आयांना अंगणात उभं करून खडसावलं, चकचकीत जाड सुई ज्या कुणी लपवली असेल तिला पोलिसात देईन. गुरांसारख्या नुसत्या बघत राहिल्या. रेडियम म्हणजे काय हे यांना सांगून उपयोग काय?

२० जानेवारी

सगळ्यात काळी फिल्म आयांच्या बसायच्या कोपऱ्यातली.

नागम्माला विचारलं. ती पायाच पडली. म्हणाली, "म्या चोरली न्हाय, साहेब. केरात घावली. काटा काढायला लई गुणाची. वरीसभर कनवटीला व्हती." बाळंतिणींचे, लेकरांचे, सगळ्या गल्लीचे काटे तिनं त्याच सुईनं काढले. कमरेवरची जखम बरोबर कनवटीखाली आहे.

सुई दे म्हणालो.

"तुमी पोलिसाचं नाव काढलं, म्हून काल सांजच्याला बलभीम सोनाराकडं दिली. म्हनलं, वितळवून टाक, घावायला नको."

माझ्यामुळं. एक शब्द नीट सांगितला असता तर—

२१ जानेवारी

सोनाराच्या दुकानात गेलो. बलभीम म्हणाला, चांदी नव्हती, वितळेना, म्हणून कानशीनं घासून मधोमध कापली. आतून चिमूटभर भुकटी निघाली, ती त्यानं फुंकून टाकली. सुई पुसलेलं तेच फडकं, तोच ब्रश, त्यांनीच गल्लीभरच्या नथी, बाळांचे वाळे उजळले. त्याच्या ओठाला चट्टा आला आहे.

माणसं बाहेर काढली. दार बंद केलं. सुईचे दोन तुकडे चिमट्यानं शिशाच्या डबीत टाकले. भुकटी कुठं शोधू? डॉक्टरांना म्हणालो, पोलिसांना कळवा आणि मुंबईला तार करा. ते म्हणाले, आधी विचार करू.

मीच तार केली.

२३ जानेवारी

नागम्माला ताप. तिच्याजवळ बसलो. वास येतो. बसलो. ती विचारत होती, "म्या कुनाचं वाईट केलं का, साहेब?"

बलभीमाच्या सुनेचं बाळ वाळे चोखतं. वाळे काढून आणले. अजून किती घरं— लोक दार लावून घेतात. मी करणी करतो म्हणतात.

२४ जानेवारी

मुंबईचं उत्तर नाही.

सकाळपासून साबणानं नऊ वेळा हात धुतले. शेवटची फिल्म परवा या वहीत, २१ तारखेच्या पानावर ठेवली होती. तिच्यावर किल्ली नव्हती. सहज ठेवली. आत्ता धुतली.

पाच काळे डाग. अंगठा, चार बोटं. पान धरलं होतं तिथंच. माझी बोटं. रेषासुद्धा दिसतात.

वही रोज उशाशी—

डावा हात या पानावर आहे, आणि कागदाला तो सोनाराकडची भुकटी अजून लावतो—