बारदान धरून तेवीस किलो

मु. पो. महाळुंगे पडवळ

तीर्थस्वरूप द्रौपदाआक्कास,

धाकट्या सोमनाथचा वाकून जयभीम. दाजींनाही सांग. तुझा गुडघा आता कसा आहे? (खरं काय ते लिही. गेल्या खेपेला "बरा आहे" म्हणालीस आणि अख्ख्या लग्नात खुर्ची सोडली नाहीस.) दाजींची साखर उतरली असेल तर आनंद आहे, नसेल तर त्यांचे खिसे तपासावेत. आमच्याकडे सगळं ठीक. म्हैस दूध देते आहे, रत्ना बोलणी देते आहे आणि मी दोन्ही गोड मानून घेतो आहे. फोन असताना हा भाऊ पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. आक्का, तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. मी इथे शिंकलो की तिकडे आळे गावात तुझ्या शेजारणी औषध सुचवतात. शिवाय रत्ना दारातच लसूण सोलत बसलेली असते आणि यातला थोडा मजकूर तिच्या कानांसाठी नाही.

तर तेजस्विनीचे दिवस भरत आले आहेत हे तुला ठाऊकच आहे. लेक जर्मनीत, बाळंतपण जर्मनीत, म्हणून रत्ना पुढच्या महिन्यात तीन महिन्यांसाठी निघाली. एकटीच. मी येणार नाही हे मी केव्हाच सांगितलं आहे. म्हैस कोण बघणार? पाण्याची पाळी कोण धरणार? आणि इतके तास कमरेला पट्टा बांधून खुर्चीत बसायला मी काय दवाखान्यात आहे? रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहून जाहीरच करून टाकलं की सोमनाथ गाव सोडणार नाही. टाळ्या पडल्या. (टाळ्या धर्माजीने सुरू केल्या. मी गेलो असतो तर विहाराच्या कमिटीतली माझी जागा त्यालाच मिळाली असती, तरी वाजवल्या. माणसाचा काही अंदाज येत नाही.)

आता विमानात एका माणसाला एक मोठी बॅग, तेवीस किलोची. तेजस्विनीने फोनवर बजावलं की आप्पा, बॅग हलकी बघा. या पोरीने अवसरीला इंजिनियरिंग केलं, पण बापाने उभ्या जन्मात किती कांदा तोलला हे ती विसरली. अगं, मंचरला मार्केटात पिशवी काट्यावर चढते तेव्हा कांदा आणि बारदान मिळून वजन होतं, मग बारदान वजा करतात, उरेल तो माल. ही सगळ्या जगाची रीत. विमान कंपनी काय आडत्यापेक्षा वाईट असणार आहे का? म्हणजे रिकाम्या बॅगेचं वजन वजाच होणार. मग हलकी कशाला, मजबूत घ्यावी. जुन्नरच्या बाजारात जुबेरच्या दुकानात मी हे समजावून सांगितलं तेव्हा तिथे आलेल्या सगळ्या शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. एकटा जुबेर हळूच म्हणाला की काका, इमानात बारदान वजा करीत न्हाईत. मी त्याला विचारलं की तू विमानात कितीदा बसला आहेस? एकदाही नाही. विषय संपला. मी चारी कोपऱ्यांना पत्रा मारलेली अशी बॅग घेतली की जीपखाली आली तर जीपची काळजी करावी लागेल.

घरी रत्नाने ती भरली. काळा मसाला, डिंकाचे लाडू, अळीव, बाळाची झबली, आणि आपल्या आईच्या लुगड्यांची तिने उन्हाळ्यात शिवलेली ती गोधडी. कांद्याच्या काट्यावर ठेवली तर भरली एकोणतीस किलो. मी शांतपणे बारदानाचे सहा वजा केले आणि बरोबर तेवीस म्हणून टाळी दिली. रत्नाने टाळी घेतली नाही. तिने व्हिडिओ कॉल लावला. तेजस्विनी इतकी हसली की मला बाळाची काळजी वाटली. आदेशराव धावत आले, त्यांनाही सांगण्यात आलं, तेही हसले. (जावई सासऱ्याला हसतो तेव्हा तोंडावर हात धरतो, एवढी रीत परदेशातही त्यांनी पाळली आहे.) बारदान वजनात धरतात, आक्का. तिथे बारदान धरतात! शेतकऱ्याला लुटायचं एवढं साधं तंत्र आपल्या व्यापाऱ्यांना कसं सुचलं नाही, याचंच मला नवल वाटतं.

मग रत्ना एकेक वस्तू बाहेर काढू लागली. मसाला निम्मा केला, लाडू कमी केले, तरी काटा काही हलेना. शेवटी तिने गोधडी काढून बाजूला ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत बसली. आक्का, मला ते बघवलं नाही. बाईने बोलावं, त्याची मला सवय आहे. मी ती बॅग रिकामी केली, उचलली आणि दुसऱ्या दिवशी रत्नालाही बरोबर घेऊन परत जुन्नर गाठलं.

या वेळी मी ताणकाटा नेला होता. दुकानाच्या शटरला टांगला आणि एकेक बॅग लटकवून वजन पुकारू लागलो. बाजाराचा दिवस, बघता बघता गर्दी झाली. तेवढ्यात प्रयागबाई नावाची एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली की माझ्या पावट्याच्या शेंगा तेवढ्या जोखून दे. मी जोखल्या. भरल्या कमी. ती तडक शेंगावाल्याकडे गेली आणि त्याला घेऊन परत आली. मग दहा-पंधरा पिशव्या रांगेत लागल्या, भाजीवाले एका बाजूला, गिऱ्हाइकं दुसऱ्या बाजूला, मध्ये मी आणि माझा काटा. एकाने तर हातातला कोंबडा पुढे केला. जुबेर गरीब माणूस, हात जोडून म्हणत होता की काका, मला धंदा करायचाय, मार्केट कमिटी न्हाई काढायची. शेवटी त्याने शटर निम्मं ओढलं आणि आम्हाला आत घेतलं.

आत मी एक पिवळी बॅग बोटाने ठोकून बघत होतो. वजन जेमतेम अडीच किलो. दाबली की आत जाते, सोडली की टणकन बाहेर येते. असल्या वस्तूवर माझा विश्वास बसत नाही. मी तिच्यावर बसून बघणार होतो, इतक्यात रत्नाने ती एका हाताने वर उचलली.

"हीच घ्या," ती म्हणाली. "मला एकटीलाच उचलायची हाय."

मी पैसे दिले.

गोधडीसकट, बारदान धरून, आता बरोबर तेवीस किलो भरते. रोज संध्याकाळी रत्ना अंगणात बॅग चालवायचा सराव करते. चाकात शेण अडकतं, ती काडीने काढते, परत चालवते. मध्ये दुबईत विमान बदलायचं आहे. तिथे कुठल्या बाजूला वळायचं, हे तिने मला तीनतीनदा विचारलं, जसा काही मी दुबईत वाढलो आहे. जी बाई एकटी तुझ्याकडे आळ्यालाही आली नाही, ती दुबईत वळणार आहे. काल बॅग ओढता ओढता ती चुलीपाशी थांबली आणि उगाच बॅगेचा दांडा वरखाली करत राहिली. घाबरली आहे, आक्का.

पण मी शब्दाचा पक्का आहे. विहारात सगळ्यांसमोर बोललो आहे, तेव्हा माझं जाणं नाही म्हणजे नाही. गुडघ्याला जप. दाजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा भाऊ,
सोमनाथ

ता. क. : म्हैस शेजारचा दादाभाऊ बघतो म्हणाला आहे. पाण्याची पाळीही तोच धरणार आहे. हे आपलं माहितीसाठी लिहिलं.

ता. क. आणखी : तसलीच एक बॅग, निळ्या रंगाची, जुबेरने माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. पासपोर्ट मागच्या वर्षी दोघांचेही झाले होते, ते तुझ्या लक्षात असेलच. तर आक्का, तू मोठी आहेस, तुझा शब्द मी कधी मोडलेला नाही. येत्या रविवारी विहारात सगळे असतील तेव्हा ये आणि मला चारचौघांत झाड. म्हणावं, बायकोला एकटीला पाठवतोस, लाज नाही वाटत? चांगली मोठ्याने झाड. मी थोडा वेळ ऐकणार नाही, मग नाइलाजाने कबूल होईन. धर्माजीला पुढे बसव.

ता. क. शेवटचा : रविवारी गुडघ्यामुळे जमलं नाही तर राहू दे. तेजस्विनीला मात्र एक फोन कर. ती मला प्रत्येक फोनवर विचारायची, "आप्पा, तुमचं पण तिकीट काढू का?" मी दर वेळी नाही म्हणायचो. आता ती विचारतच नाही. एकदा परत विचार म्हणावं.