सिगारला शंभरपैकी किती

१२ जानेवारी २०२५, रविवार. मिल्टन कीन्स.
आजपासून रोजनिशी. उद्या कोणी विचारलं की धंद्याची सुरुवात कशी झाली, तर तारखा हाताशी असाव्यात.

सुरुवात अशी. ऑक्टोबरमध्ये कंपनीने आमची अख्खी टेस्टिंग टीम कमी केली. मी बावीस वर्षं इतरांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत होतो. वय छप्पन्न. नोव्हेंबरमध्ये बायकोने, यमुनाने, मला ओढून डॉमिनिकन रिपब्लिकला नेलं, म्हणाली, घरात बसून तू माझ्या स्वयंपाकात बग काढायला लागलास. तिथे बीचवर रामोन नावाचा माणूस हाताने सिगार वळत बसायचा. मी चार दिवस त्याच्याजवळ बसून होतो. निघताना तो म्हणाला, सेन्योर, तुम्हाला दर्जा कळतो. यमुनाचं म्हणणं, तो हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता. तिचं लक्ष समुद्राकडे होतं.

योजना: रामोन पाठवणार, मी दर्जा तपासून सर्टिफिकेट देणार, माल जर्मनीत विकणार. इथे इंग्लंडमध्ये तंबाखूची जाहिरात करता येत नाही. शिवाय जर्मन माणूस सर्टिफिकेटला मान देतो.

सिगार मी आजवर ओढलेली नाही. त्यामुळे पूर्वग्रह नाहीत.

१६ जानेवारी, गुरुवार
पार्सल आलं. ड्यूटी भरून सोडवलं. तीन जुड्या, प्रत्येकी वीस. लाल रिबिनीची रामोनने वळलेली, पिवळी त्याच्या भावाने, निळी त्याच्या सासूबाईंनी. सोबत चिठ्ठी, फोनवरून भाषांतर केलेली: आमच्या घरचा माल पहिल्यांदाच देशाबाहेर जातोय. कसा आहे ते खरं सांगा.

खरंच सांगणार. शेडमधला लॉनमोवर बाहेर काढला, खुर्ची आत ठेवली. आता ती टेस्टिंग रूम.

१८ जानेवारी, शनिवार. सकाळी ११.
लाल, क्रमांक १. एक्सेल शीट उघडली, चौदा कॉलम. राख: करडी, नेटकी. ओढ: चांगली. वास: सूक्ष्म. चव: सूक्ष्म. एकूण ९३.

११.४०. चक्कर. सकाळचा उपमा बाधला असावा.

१९ जानेवारी, रविवार
पिवळी, क्रमांक १. वास: सूक्ष्म. ९१. उपमा आज केलाच नव्हता, तरी बाधला.

२२ जानेवारी, बुधवार
निळी. सासूबाईंची रिबीन तिरकी बांधलेली. एका सिगारीच्या पानावर शीर वर आलेली. जिथे बाहेरच शिस्त नाही तिथे आत काय असणार. वास: सूक्ष्म, पण निराशाजनक. ६२. जुडी तिच्याच प्लास्टिकच्या पिशवीत परत सारली आणि हूव्हरच्या, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरच्या, कपाटात टाकली. पिशवीत रामोनने एक छोटं पाकीट ठेवलंय, ओलावा राखायला म्हणे. बहुधा कंपनीची जाहिरात.

२ फेब्रुवारी, रविवार
शाल्मलीचा मँचेस्टरहून व्हिडिओ कॉल. मुलगी हॉस्पिटलमध्ये ऑडिओलॉजिस्ट आहे, लोकांचे कान तपासते. तिला चौदा कॉलम दाखवले. ती म्हणाली, बाबा, पण तुमचा नाक गेला आहे ना, कोविडपासून? मी सांगितलं, नाक नपुंसकलिंगी आहे. तुमचं नाक, गेलं आहे. ती म्हणाली, हो तेच, गेलं आहे ना?

व्याकरण सुधारतंय.

वस्तुस्थिती: २०२१ नंतर वास थोडा कमी येतो. पण वास हा चौदापैकी एकच कॉलम आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार
यमुना शाळेच्या सायन्स लॅबमध्ये टेक्निशियन आहे, तिला प्रयोगांची सवय. आज माझ्यासमोर झाकलेल्या दोन वाट्या ठेवल्या. एकीत हिंग, एकीत मैदा. म्हणाली, डोळे मिट आणि सांग. मी डावी सांगितली. हिंग उजवीत होता. मी म्हटलं, एका चाचणीवरून निष्कर्ष काढत नाहीत. तिने सहा वेळा केली. सहांत दोन बरोबर. नुसता छापा-काटा केला असतास तरी तीन आले असते, म्हणाली.

हिंगाचा सिगारशी संबंध नाही.

तिने मग विचारलं, रामोनला काय सांगणार आहेस? त्याचं घर तुझ्या आकड्यांची वाट बघतंय. मी म्हटलं, म्हणूनच मी घाई करत नाहीये. खरं म्हणजे आकडे कालच पाठवले. सासूबाईंच्या बासष्टवर त्याचं उत्तर आलेलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
सिगारीला ओलावा लागतो. बाजारातल्या लाकडी पेट्या फार साध्या वाटल्या. जुना कूलबॉक्स घेतला, तळाशी ओले टॉवेल, वर लाल आणि पिवळ्या जुड्या. घट्ट झाकण. निळी या लायक नाही.

एक्केचाळीस जर्मन दुकानांना लिहिलं होतं. एक उत्तर. हॅम्बुर्गचे क्लाउस, तीन पिढ्यांचं दुकान. कामासाठी लंडनला येणार आहेत, तर गुरुवार सहा मार्चला इथवर येतील.

यश.

१ मार्च, शनिवार
कूलबॉक्स उघडला. सिगारींवर पांढरी, मऊ लव! वाचलं होतं त्याबद्दल. उत्तम सिगार मुरली की पानातलं तेल वर येऊन अशी साय धरते. लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. मला दोन आठवड्यांत साधलं. लाल ९७. पिवळी ९६.

यमुना बॅडमिंटनचं शटल शोधायला शेडच्या दारापर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली. काय मेलंय आत, म्हणाली. तिला मुरणं ही संकल्पनाच माहीत नाही. लोणचंसुद्धा विकत आणते.

५ मार्च, बुधवार
उद्याची तयारी. सर्टिफिकेटं जाड कागदावर छापली. क्लाउसना स्टेशनवरून आणायचा रस्ता आखला, अकरा राउंडअबाउट. निळा ब्लेझर. निश्चय: कमी बोलायचं. तज्ज्ञ कमी बोलतात.

६ मार्च, गुरुवार
क्लाउस सत्तरीचे, उंच, नीट दाढी केलेले. गाडीत मी पंचवीस मिनिटं बोललो.

शेडचं दार उघडताच ते थांबले. खिशातून रुमाल काढला. मी कूलबॉक्स उघडला, सर्टिफिकेट हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, लाल जुडीकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, ही बुरशी आहे. मी साय समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, मिस्टर श्रीकांत, एक हातात घ्या आणि वास घ्या. घेतला. काय येतंय, विचारलं. मी सांगितलं, सिडारचं लाकूड, थोडं चामडं, सूक्ष्म. ही वाक्यं मी पाठ केली होती.

त्यांनी सिगार माझ्या हातातून काढून खाली ठेवली. मग विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, काय कधीपासून? त्यांनी स्वतःच्या नाकाला बोट लावलं.

चार वर्षं, म्हणालो. मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं.

ते म्हणाले, माझे वडील शेवटी बहिरे झाले होते. गिऱ्हाइकाला होकार देत राहायचे. काउंटरमागे उभं राहणं सुटू नये म्हणून.

तेवढ्यात यमुना शाळेतून आली. नमस्कार-चमत्कार झाले. तिने सरळ सांगितलं, अजून एक जुडी आहे, यांनी नापास केलेली. हूव्हरच्या कपाटातून निळी काढून दिली. पिशवीतलं ते छोटं पाकीट ओलावा राखायचंच होतं. क्लाउसनी एक सिगार कानाशी धरून हलकेच दाबली, नाकाखालून फिरवली आणि बागेत जाऊन पेटवली. पाऊण तास ओढली. यमुनाने चहा दिला, तो थंड झाला.

शेवटी म्हणाले, ही कोणी वळली?

मी म्हटलं, सासूबाईंनी. माझ्या नव्हे.

त्यांनी रामोनचा नंबर मागितला. मला द्यावा लागला. म्हणजे दिला. स्टेशनवर सोडताना मी अकरा राउंडअबाउट मोजले.

७ मार्च, शुक्रवार
रामोनला लिहिलं. चार मसुदे. पहिल्या तिनांत हवामानाचा दोष होता. चौथा तीन ओळींचा: तुमचा माल उत्तम होता. लाल आणि पिवळा मी सडवला. मला वास येत नाही, बासष्ट आकडा विसरा.

पाठवायला दुपार गेली.

१५ मार्च, शनिवार
रामोनचा निरोप. हॅम्बुर्गला बारा पेट्या जाणार, सगळ्या सासूबाईंच्या हातच्या. रामोन आणि त्याचा भाऊ आता त्यांच्याकडे शिकतायत. बासष्टचं त्याने सासूबाईंना सांगितलंच नव्हतं. सडलेल्या मालाबद्दल एवढंच: होतं असं. शेवटी एक विनंती. सासूबाई अठ्ठेचाळीस वर्षं वळतायत, पण त्यांच्या सिगारचा वास कसा असतो हे त्यांना परदेशातल्या कोणी लिहून कळवलेलं नाही. तुम्ही कळवाल का? त्याला माझं पत्र समजलं नाही, किंवा समजून विचारतोय.

यमुनाला हाक मारली. बागेत दोन खुर्च्या टाकल्या. निळ्यातली एक तिच्या हातात दिली. न पेटवता तिने वास घेतला, डोळे मिटून. म्हणाली, आधी सुकं गवत. मग भाजलेला काजू, कोको. आणि मागे काहीतरी आहे, थांब, नवीन पुस्तकासारखं. नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्षभर ठेवलेल्या लोकरी स्वेटरसारखं.

मी लॅपटॉपवर उतरवत गेलो. आणखी काही, विचारलं. ती पुन्हा वास घेऊन हसली, म्हणाली, छान आहे रे, एवढंच लिही. तेही लिहिलं. मधली एक ओळ माझ्या मते सुधारता आली असती. सुधारली नाही.

चौदा कॉलमांची शीट बंद केली. पत्राखाली परीक्षक म्हणून यमुनाचं नाव घातलं. टायपिंग माझं.