कानाच्या पाळीवरचा आकडा

पाचोड,
दि. १९ जानेवारी २०२५

रत्नमाला सांडू साळवे हीस सप्रेम जयभीम.

तुझ्या नावाआधी आता 'कालकथित' लिहावयास हवे. पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेत आपल्या सम्यकने ते छापून घेतले. माझ्या हातून अजून होत नाही.

माझी प्रकृती ठीक आहे. सम्यक दोन दिवसांची रजा काढून आला होता. डायलिसिससाठी आपण शहरात, गारखेड्यात घेतलेली खोली काल रिकामी केली. साड्या तुझ्या बहिणीने नेल्या. तुझा चष्मा मी ठेवून घेतला आहे.

शेवटच्या डायलिसिसच्या दिवशी यंत्रावरचा तुझा रक्त गाळणारा फिल्टर बदलला होता, हे मी तुला सांगितले नव्हते. नेहमीचा संपला होता. केंद्रातील तंत्रज्ञ सरिताताईंनी मला बाजूला घेऊन समजावले की, आजचा जुन्या प्रकारच्या पडद्याचा आहे. त्याला रक्त लागले की काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी फुप्फुसात अडकतात आणि पहिल्या अर्ध्या तासात ऑक्सिजन उतरतो. उद्यापर्यंत थांबा, नाहीतर बोटावरच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याचा आकडा नव्वदच्या खाली जाताच हाक मारा. ठरलेला वार चुकू नये म्हणून मी सही केली.

आकडा शहाऐंशी झालेला मी पाहिला. आदल्या दिवशी भाचीच्या, विशाखाच्या लग्नात तू नखांपर्यंत मेंदी लावून घेतली होतीस. मेंदीमुळे ते यंत्र चुकते, असे माझ्या वाचनात आले होते. मी हाक मारली नाही. दम लागायलाय म्हणालीस, तेव्हा तुलाही हेच कारण सविस्तर सांगितले. तू हसलीस.

"गुरुजी, मेंदी बोटाला लावली, छातीला नाय."

बोलू नकोस, दम वाढेल, असे म्हणून मी वर्तमानपत्र उघडले.

वीस मिनिटांनी सरिताताई फेरीवर आल्या. त्यांनी चिमटा काढून तुझ्या कानाच्या पाळीला लावला. तिथे मेंदी नव्हती. आकडा एकोणऐंशी. डायलिसिसचे यंत्र लगेच थांबवले. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

हृदय आधीच दुर्बल होते, वेळेत कळूनही काही सांगता आले नसते, असे डॉक्टर म्हणाले. त्या वाक्यावर मी काही दिवस काढले. आता ते पुरत नाही.

काल गादी गुंडाळताना सम्यकने विचारले, "बाबा, आईचा ऑक्सिजन नेमका कधी उतरला?"

"अचानक," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि गादी टेम्पोत टाकली. तो पुन्हा विचारणार नाही. त्याचा माझ्यावर विश्वास आहे.

मग मी दाराला कुलूप लावले आणि दोन्ही किल्ल्या घरमालकीण गीताबाईंना परत दिल्या.

सांडू किसन साळवे