एका पंगतीला एकच हात

आप्पा, आज सकाळी माळ्यावरचा जुना राउटर मी हॉलमधल्या नव्या राउटरला जोडला, एकटीनं, कुणाला न बोलावता, आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. राउटर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा घरात काळा टेलिफोन होता आणि त्यात जरा खरखर झाली तरी तुम्ही जेवण सोडून उठत होता. आता इंटरनेट येतं, आणि वहीएवढी ही पेटी ते हवेतून घरातल्या प्रत्येक फोनला पोचवते. आधी ती फोनला एक नंबर देते, नंबर मिळाला की मग बाकी सगळं. टेलिफोन ऑफिसात उभा जन्म काढलेल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही.

अडचण आईची होती. पंधरा दिवसांपूर्वी तिचं कंबरेचं हाड मोडलं. तेव्हापासून ती मागच्या खोलीत, तुमच्याच खाटेवर, आणि डॉक्टरांनी हलवायला मनाई केलेली. हॉलमधल्या पेटीचं मधल्या जाड भिंतींपुढे काही चालत नाही, मोबाइलची रेंज तर त्या खोलीत कधीच नव्हती. आणि आज तंजावरला मावशीच्या पणतवाची मुंज. आपल्या अक्काच्या घरचं एकही कार्य आईनं आजवर चुकवलेलं नाही. मावशी नव्वदीला टेकली आहे. पुढचं कार्य दोघी मिळून बघतील याची खात्री दोघींनाही नाही, आणि तसं बोलून कुणी दाखवत नाही. मुंज फोनवर थेट दाखवणार होते. काल मी लेकीला विचारलं, ती ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. "अम्मा, तू कशालाही हात लावू नको. सन्डे येऊन मी करते," म्हणाली. मुंज शुक्रवारी आणि ही रविवारी येणार, म्हणजे वरातीमागून घोडं. मी संध्याकाळी टी. नगरच्या बाजारातल्या गर्दीत घुसून लांबलचक केबल घेऊन आले.

सकाळी पदर खोचून बसले. जुन्या पेटीला लॅपटॉप जोडला. आधी तिचा स्वतःचा नंबर बदलला, कारण दोन्ही पेट्यांचा नंबर एकच निघाला आणि एका घरात एका नंबरच्या दोघी नांदत नाहीत. नाव आणि पासवर्ड हॉलमधल्या पेटीचेच दिले. मग स्टुलावर चढून दारांच्या चौकटींवरून केबल मागच्या खोलीत ठेवलेल्या जुन्या पेटीपर्यंत ओढली. साडेनऊला आईच्या फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या राहिल्या आणि मी टाळी वाजवली. पण चालेना काहीच. काड्या भरलेल्या, पडदा कोरा. हॉलमधला टीव्ही मजेत चालू होता, माझा फोन कधी चाले, कधी रुसे. आई म्हणाली, "सरी सरी, ठीक आहे, राहू दे गं. अक्का समजून घेईल." आणि तिनं भिंतीकडे मान फिरवली. कुशीवर वळायची तिला परवानगी नाही, तेव्हा रुसायला तिच्याकडे तेवढंच होतं. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

त्या रागातच तुम्ही आठवलात. मी बारा वर्षांची आहे. थोरल्या भावाची मुंज, केळीची पानं मांडलेली, तुम्ही पंगतीच्या टोकापासून खीर वाढत येता आहात. मी दुसरी बादली आणि करंडी, म्हणजे वाढायची पळी, उचलते आणि मधूनच कुठून तरी वाढायला लागते, मी किती मोठी झाले ते तुम्ही बघावं म्हणून. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणता, "पोदुम, पुरे. बादली खाली ठेव. एका पंगतीला खीर वाढणारा हात एकच." मी बादली ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले, ती जेवायलाही आले नाही. मुलगी म्हणून मला हाकललं, असं मी धरून चालले. चाळीस वर्षं तसंच सांगत आले, नवऱ्याला, लेकीला, जो ऐकेल त्याला.

आणि आज स्टुलावर बसल्या बसल्या एकदम लख्ख कळलं. नंबर वाढणाऱ्या दोघी झाल्या होत्या, आप्पा. हॉलमधली पेटी वाढत होती आणि माळ्यावरची म्हातारीही वाढत होती. आईच्या फोनला नंबर दिला म्हातारीनं, पण बाहेरचा रस्ता तिला स्वतःलाच ठाऊक नाही, ती दाखवणार काय? पान मांडलेलं, पानावर काही नाही. मी पुन्हा लॅपटॉप जोडला, जुन्या पेटीतली नंबर वाटायची सोय शोधून बंद केली, आईचा फोन बंद करून सुरू केला. दहाला पाच कमी असताना पडद्यावर मावशी आली, इतकी जवळ की नुसतं नाकच.

"अक्का, फोन लांब धर," आई म्हणाली.

"तू जेवलीस का?"

"कार्य तुझ्याकडे, आणि जेवण मला विचारतेस?"

दोघी हसत सुटल्या, मग दोघींनी डोळे पुसले. मी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. "अम्मा, हे तुला कुणी शिकवलं?" तिनं विचारलं. "माझ्या आप्पांनी," मी म्हणाले, आणि मला फार बरं वाटलं.

दुपारी फोनवर तिकडची पंगत दिसली. एकच माणूस टोकापासून खीर वाढत येत होता. आई म्हणाली, "तुझे आप्पा असेच वाढायचे." म्हणून हे लिहायला बसले, राउटरबरोबर आलेल्या माहितीपत्रकाच्या कोऱ्या पाठीवर, आणि ते परत घडी घालून त्याच्याच खोक्यात जाईल. त्या दिवशी पंगतीत तुमच्या ऑफिसातले एक म्हातारे गृहस्थ होते. तुम्हाला वाटलं त्यांना मी वाढलं, मला वाटलं तुम्ही वाढाल. ते कोऱ्या पानाकडे बघत थोडा वेळ थांबले आणि खीर न खाताच उठले. स्वयंपाकघराच्या दारातून मी ते पाहिलं होतं. इतकी वर्षं गोष्ट सांगितली, पण त्यात ते कधी आले नाहीत. आत्ता वर लिहितानाही मी त्यांना गाळलंच.