लूमीच्या वासाचं रोप

६ ऑक्टो., सोम.
पाइपाच्या गळक्या सांध्यापाशी एक रोप उगवलंय. मी पेरलेलं नाही, शपथ. एका बाजूला मशमूमचे वाफे (आपला सब्जाच तो, इकडच्या अरब बायका केसांत माळतात), दुसऱ्या बाजूला लिंबाच्या वासाच्या तुळशीच्या कुंड्या. मधमाश्यांनी परस्पर सोयरीक जमवलेली दिसते. पान मशमूमचं, चुरगाळलं की वास लिंबाचा, मागून काहीतरी गोडसर. तण समजून उपटणारच होतो. कुंडीत लावलं.
आत दमट इतकं की चष्मा पुसून पुसून वैताग. पण छातीत घरघर नाही. गॅरेजात अठरा वर्षं गाड्यांना रंग मारला, फुप्फुसं गेली कामातून. हज्जीच्या जागी दुसरा मालक असता तर व्हिसा कॅन्सल, चला परत राजापूर. हज्जी म्हणाला, "दत्ता, रंग खलास. अब हरा काम करो." आणि गॅरेजमागच्या या हरितगृहाची किल्ली हातात दिली. रोज आठवतं, रोज बरं वाटतं.

९ ऑक्टो., गुरु.
आज काय झालं ते नीट लिहून ठेवतो.
हज्जीची बायको, उम्म यूसुफ, मशमूमच्या जुड्या न्यायला आली. एका मोठ्या तापानंतर तीन वर्षं तिला कसलाच वास येत नाही. तरी दर गुरुवारी नेते, सवय म्हणून. मी सहज नव्या रोपाचं पान दिलं. तिने नाकाशी धरलं, काढलं, परत धरलं.
"लूमी!"
लूमी म्हणजे यांचं वाळवलेलं काळं लिंबू, कालवणात घालतात ते. मग अरबीत भराभरा बोलायला लागली आणि रडायलाच लागली की बाई! हज्जी धावत आला. मशमूम हुंगवलं, काही नाही. लिंबाची तुळस हुंगवली, काही नाही. फक्त हे. डॉक्टरला जमलं नाही ते एका पानाने केलं. मीही रडलो, खोटं कशाला लिहू.

१२ ऑक्टो., रवि.
सुनंदाला व्हिडिओवर रोप दाखवलं. "अहो, ही तर तुळस!" म्हटलं, अर्धीच. "अर्धी काय नि पाव काय. पारोशाने हात लावू नका. आंघोळ करून पाणी घाला, नमस्कार करा." इतकी वर्षं बायको लांब, पण हुकूम तिकडूनच सुटतात. बरोबरच आहे तिचं. आमच्यावर उपकार केलेत या रोपाने.
उद्यापासून तसंच करणार. कुंडीला ठिबकची नळी पोचत नाहीच, तांब्याने घालावं लागेल.

२१ ऑक्टो., मंगळ.
दिवाळी. गुदैबियात राहतो त्या खोलीवर जोडीदार पवारने चकल्या विकत आणल्या, दगडासारख्या. तरी सगळ्या संपवल्या.
रोपाला तुरे आले, पण बी धरत नाही. चोळून पाहिलं, सगळं फोल. हज्जी म्हणतो, दोन जातींचं आहे, बी देणार नाही. शेंडे काप, काड्या लाव, नाहीतर हे गेलं की वंश खलास. पटतं. पण ज्याला रोज हात जोडतो त्यावर कात्री कशी चालवायची? म्हटलं, तुळशीचं लग्न होऊ दे, मग बघू. हज्जी "इंशाल्ला" म्हणाला. हा माणूस कधी जोर करत नाही.
उम्म यूसुफला दर गुरुवारी एक पान. परवा म्हणे कालवण स्वतः हुंगून पाहिलं, थोडंसं आलं. थोडंसं!

२ नोव्हें., रवि.
लग्न लावलं. गुदैबियातून ऊस आणला, सुनंदाने फोनवरून मंगलाष्टका म्हटल्या. हज्जी दारात उभा राहून बघत होता. मी पेढा दिला, त्याने खाल्ला. देवा, तुझे किती आभार मानू.

५ नोव्हें., बुध.
खालची पानं पिवळी. उलटून पाहिली तर करडी बुरशी. पंखा वाढवला. नमस्कार जास्त वेळ केला.

७ नोव्हें., शुक्र.
सुट्टी असून तुबलीला, हरितगृहात गेलो. खोडाला काळा डाग. काही कळत नाही. वाफ्यातलं मशमूम ठणठणीत, मग यालाच काय झालं? पाणी घातलं, हात जोडले. उम्म यूसुफ काल आली होती, पान मागितलंच नाही. रोपाकडे बघून गेली.

९ नोव्हें., रवि.
मीच. मीच केलं.
सकाळी नेहमीप्रमाणे तांब्या वरून ओतला. हज्जी मागे उभा. माझे हात जोडून होईपर्यंत थांबला. मग हळूच, "दत्ता, एक बात. गुस्सा नहीं करना. मशमूम का पत्ता भीगना नहीं चाहिए. पानी सिर्फ नीचे. मेरा बाप ऐसा बोलता था."
मी म्हटलं, कधीपासून माहीत आहे?
"पहले दिन से."
"अहो, मग ओरडायचं ना माझ्यावर!" मालकावर ओरडलो मी. आणि मराठीत!
तो म्हणाला, "तुम रोज हाथ जोड़ता था. मैं समझा इसका नमाज़ है. नमाज़ में बीच में कैसे बोलना?"
चार आठवडे मी भक्तीने पाणी ओततोय आणि तो आदराने गप्प बसलाय. दोघांनी मिळून त्या बिचाऱ्या रोपाचा गळा धरला.
खालचं खोड गेलंय. वर पाच शेंडे स्वच्छ. आज रविवार, आमच्याकडे रविवारी तुळशीचं पान तोडत नाहीत. हज्जीला सांगितलं. तो लगेच, "बस, कल करेंगे." म्हटलं नाही हज्जी, पुरे झाला एकमेकांचा मान. कात्री आणा.
मनात म्हटलं, आई, तुळस असशील तर माफ कर. मशमूम असशील तर आधीच कापायला हवं होतं, त्याचीही माफी.
पाच काड्या, पाच ग्लास. सुनंदाला फोन केला. म्हटलं आता ओरडेल. तर म्हणाली, "मीच सांगितलं होतं हो." तिचा आवाज ऐकून जास्त वाईट वाटलं.

१३ नोव्हें., गुरु.
दोन काळ्या पडल्या. आई-रोप गेलं. मातीत पुरलं, टाकवेना.
उम्म यूसुफने माझ्यासाठी डबा पाठवला. रागाचा शब्द नाही. अशी माणसं मिळायला मी काय पुण्य केलं होतं, माहीत नाही.

१६ नोव्हें., रवि.
एकच काडी उरली. चार पानं. मुळं अजून नाहीत. तळाशी पांढरं टिपक्याएवढं दिसतंय, पण मूळ की सडणं, सांगता येत नाही. हज्जीने टॉर्च मारून पाहिलं, त्यालाही कळेना.
उम्म यूसुफ आली. मी म्हटलं, एक पान तोडून देतो. "ला, ला," नको म्हणाली. रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसली, गुडघे धरत धरत, आणि ग्लासापाशी नाक नेलं. पानाला न शिवता. डोळे मिटून. किती वेळ!
हज्जीने मला खूण केली, विचार, वास येतोय का. मी त्याला खूण केली, तुम्हीच विचारा.
पंखा बंद केला, तिच्या बाजूने वारा नको म्हणून. घाम गळत होता. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत उभे.